दुःखाच्या घरचा गहवा

माझा नवरा मला भोचक म्हणतो. मी त्याला 'चौकस' हा शब्द सुचवून पाहिला, पण त्यानं तो मनावर घेतला नाही. लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या फिलिपिनो बाईला मी एकदा विचारलं, तुमच्याकडे बाळाचं नाव कोण ठेवतं? ती बिचारी हसून सांगत होती आणि हा आमचा गृहस्थ मजल्यांचे आकडे वाचत उभा. घरात आल्यावर म्हणाला, "तुला एवढीच हौस असेल तर कुठंतरी फी भरून शिक. निदान लोकांची तरी सुटका होईल."

तो चेष्टेनं बोलला आणि मी खरंच नाव घातलं. बहरीनच्या अदलिया भागातल्या एका जुन्या व्हिलात, खाली कॅफे आणि वर वर्ग, असा एक नोकरदारांसाठीचा डिप्लोमा होता. जागतिक घडामोडी आणि आंतरसांस्कृतिक संबंध, असं भारदस्त नाव. वर्ग दर शनिवारी सकाळी. मी हिद्दला बंदराजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. दिवसभर कोरियन, तुर्की, मल्याळी आणि इजिप्शियन लोकांचे ईमेल माझ्यासमोरून जातात, आणि कोण कशानं रुसेल याचा पत्ता लागत नाही. साहेबांनी अर्ज बघून लगेच होकार दिला. त्यांना वाटलं, कंपनीच्या कामाला येईल.

मला मात्र वेगळंच काही हवं होतं. बहरीनमध्ये माझी इतकी वर्षं गेली, मुलगी इथंच जन्मली, पण एकाही बहरीनी घराचा उंबरठा मी ओलांडलेला नव्हता. ऑफिसात, दवाखान्यात, शाळेच्या फाटकापाशी आम्ही भेटायचो, एकमेकांना हसून नमस्कार-चमत्कार व्हायचे, आणि संध्याकाळी आपापल्या भिंतींमागे निघून जायचो. आमची बुद्धवंदना आमच्या माणसांच्या फ्लॅटमध्ये, पुण्या-मुंबईकडच्यांचा गणपती त्यांच्या हॉलमध्ये, आणि बहरीनी लोक त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे घरच्या बैठकीत. त्या भिंतींमागं लोक कसे बसतात, काय बोलतात, कशावरून भांडतात, हे न बघताच एक दिवस आपण विमानात बसून कायमचे परत जाणार, याचं मला मनापासून वाईट वाटायचं.

शिकवायला जॉर्डनच्या एक बाई होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी पडद्यावर हिमनगाचं चित्र दाखवलं. पाण्यावर दिसतं ते कपडे, जेवण, भाषा. पाण्याखाली असतं ते खरं. बाहेर उन्हानं गाड्यांची हँडलं धरवत नव्हती आणि आम्ही बँकवाले, नर्सबाई, विमान कंपनीवाले, सगळे गंभीर चेहऱ्यानं हिमनग वहीत उतरवत होतो. मला हसू आवरेना. माझ्या शेजारच्या बाईलाही आवरत नव्हतं. त्या हसण्यातूनच आमची ओळख झाली.

ती इथलीच, बहरीनी, बुसैतीनची. विमानतळावर नोकरीला, माझ्याहून थोडी लहान, आणि माझ्याइतकीच प्रश्न विचारणारी. मी अबायाबद्दल विचारलं तर ती मंगळसूत्राबद्दल विचारायची, आणि मी का घालत नाही हेही. आम्ही इंग्रजीत बोलायचो, मधूनमधून तिचं अरबी, माझं हिंदी. वर्षाअखेरीस जोडीनं एक विषय मांडायचा होता, त्याशिवाय डिप्लोमा मिळत नव्हता. आम्ही 'कामाच्या बैठकीतला पाहुणचार' असा सोपा विषय घेतला. वर्ग सुटला की खालच्या कॅफेत बसून स्लाइड्स करायचो आणि वाद घालायचो.

तिच्या आईला मी कधी भेटले नाही, पण तिच्या हातची चव मला ठाऊक होती. मैत्रिणीनं एकदा घरून खनफरूश आणलं, केशर-वेलचीचे जाड गोड वडे म्हणा ना. मी ते अधाशासारखं खाल्लं आणि हे तिनं घरी जाऊन सांगितलं. तेव्हापासून बहुतेक शनिवारी माझ्या नावाचा वेगळा डबा यायचा. आई म्हणायची म्हणे, त्या हिंदी बाईला एकदा घरी घेऊन ये. इथं हिंदी म्हणजे भारतीय. आम्ही दर वेळी म्हणायचो, प्रेझेंटेशन झालं की जाऊ.

त्याआधीच तिची आई गेली. झोपेत, काही आजार नसताना. वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला, खाली पत्ता होता. बायकांनी दुपारी घरी यावं असं लिहिलेलं होतं.

मी एकटीच गेले. वाटेत शोकाच्या वेळी म्हणायचं अरबी वाक्य घोकत गेले. बहरीनी घराचा उंबरठा ओलांडायचा तो असा, हे मनात आलं. आत भिंतीला लागून गाद्या, त्यांवर काळ्या कपड्यांतल्या बायका, आणि मधे पांढऱ्या कुर्त्यातली मी. आमच्याकडे मातीला पांढरं घालून जातात, तेवढंच मला सुचलं होतं. उजवीकडून सुरुवात करून मी प्रत्येकीचा हात हातात घेतला, घोकलेलं वाक्य म्हटलं. मैत्रिणीच्या गळ्यात पडले. मग कोपऱ्यात जाऊन मान खाली घालून बसले.

थोड्या वेळानं एक वयस्क बाई गहव्याचं, म्हणजे अरबी कॉफीचं, भांडं आणि छोटे पेले घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. ती मैत्रिणीची खाला, म्हणजे मावशी. मी छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. तिनं पेला पुन्हा पुढं केला. मी पुन्हा नको म्हटलं, अगदी हळू, आदरानं. ती क्षणभर तशीच उभी राहिली आणि पुढं सरकली. मैत्रीण कशासाठी तरी आत गेली तेव्हा मी उठले, कुणाकडं न बघता, कुणाशी न बोलता दाराबाहेर पडले आणि मागं वळून पाहिलं नाही. गाडीत बसल्यावर मला स्वतःबद्दल बरंच वाटलं, हे सांगायला हवं. परक्या घरी, परक्या रीतीत, आपण सगळं नीट पार पाडलं असं वाटलं.

त्यानंतर तिचे मेसेज बंद झाले. मी पाठवायचे, तिनं वाचल्याच्या निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर यायचं नाही. वर्गात परतली ती दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. कधी भेटू या विचारलं की "इंशाल्ला" म्हणायची आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायची. मी घरी मुलीला विचारलं. मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "आई, मेबी शी जस्ट नीड्स स्पेस," ती म्हणाली. नवऱ्याचं म्हणणं, दुःखातल्या माणसाच्या मागं लागू नये. मला पांढरा कुर्ता आठवून आठवून घाम फुटत होता.

मग एका शनिवारी बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की तुमच्या जोडीदारानं जोडी बदलून मागितली आहे. मला रडूच आलं. रागही आला. डिप्लोमा गेला खड्ड्यात. या देशात मला लाभलेलं एक माणूस हातातून जात होतं आणि का जात होतं हेसुद्धा कळत नव्हतं. मी तडक जिना उतरले आणि पार्किंगमध्ये तिच्या गाडीच्या दारापाशी जाऊन उभी राहिले.

"मी काय केलं ते सांग," मी म्हटलं. "सांगितल्याशिवाय मी हलणार नाही."

तिनं काळा चष्मा काढला. "माझ्या आईच्या घरी येऊन तू तिचा गहवा नाकारलास. दोनदा. माझी खाला स्वतः उठून तुझ्यापुढं आली होती. आणि दुकानातून निघावं तशी तू निघून गेलीस. मला न सांगता."

पहिला पेला न घेणारा पाहुणा म्हणजे मनात राग किंवा मागणं घेऊन आलेला पाहुणा. यजमानाला त्याचं ऐकून घ्यावं लागतं, मग तो पितो. हे मला माहीत होतं. आमच्याच स्लाइडवर होतं. ती सांगत होती आणि मी माझ्या हातांनी टाइप केलं होतं. पण ते आम्ही बैठकीसाठी लिहिलं होतं, करारमदारासाठी. मयताच्या घरात शिरताना ती स्लाइड माझ्या डोक्यात आलीच नाही. तिथं माझ्या अंगात माझं गाव चालत होतं.

"तू वाद घालणारी आहेस, तुझं मी समजून घेतलं असतं," ती म्हणाली. "पण खाला मला रोज विचारते, माझ्या बहिणीनं त्या हिंदी बाईचं काय वाईट केलं होतं? मेलेल्या माणसावर कुणाचा राग राहून गेला तर त्याला तिकडे शांती नाही, असं ती मानते. ती नीट झोपत नाही. डबे कुणासाठी जायचे, हे तिला माहीत आहे. म्हणते, डबे खाणारी बाई गहवा का घेत नाही? मी काय सांगू तिला?"

मी सांगत सुटले. आमच्याकडे दुःखाच्या घरी चहा-पाणी घेत नाहीत. निघताना 'येते' म्हणत नाहीत. गुपचूप उठायचं आणि निघायचं, हाच मान. मला हे कुणी शिकवलेलं नाही, आमचं घर बौद्ध, पिंड आणि तेरावं माझ्या आजोबांच्या वेळेलाच बंद झालं, पण हे मात्र कुणी बंद केलं नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. पाण्याखालचा हिमनग म्हणतात तो हाच असेल.

"हे तू आत्ता रचतेयस," ती म्हणाली.

"थांब. विचारते," मी म्हणाले आणि तिथंच, उन्हात, अकोल्याकडं आईला फोन लावला. आवाज मोठा करून ठेवला.

"आता कुठं डोळा लागला होता माहा," आई म्हणाली.

"आई, मौतीच्या घरी आपण चहा काऊन घेत नाही?"

"कोन मेलं?"

"आपलं कोणी नाही. तू सांग फक्त."

"मंग भर दुपारी असं अभद्र काऊन इचारतं वो पोरी? त्याईच्या घरी चूल पेटली नसते. आपन जाऊन तिथं चाय पेत बसलो, ते का लग्न हाय?"

"आणि निघताना येतो काऊन म्हणत नाही?"

"येतो म्हनलं म्हंजे पुन्हा त्याच कामाले येनं आलं. कोनी म्हनते का असं? तू म्हनली होती लहानपनी. शेजारचा बुढा गेला तवा दारातून 'येतो' म्हनून वरडली. थोबाडीत देल्ली होती म्या तुह्या, सगळ्यायसमोर."

मला हे अजिबात आठवत नव्हतं. कुणी शिकवलं नाही म्हणता म्हणता चक्क थोबाडीत खाऊन शिकले होते. मी आईचं बोलणं इंग्रजीत सांगत गेले. थोबाडीत मारल्याचं ऐकून मैत्रिणीच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. बाजूला कोण आहे, असं आईनं विचारलं. मी सांगितलं तशी ती तिच्या हिंदीवर आली. "बेटी, माँ कैसी थी तुम्हारी? बिमार थी क्या? तेरे पास थी के अकेली थी?" मैत्रिणीनं विमानतळावरच्या हिंदीत उत्तर दिलं, की झोपेत गेली, मी शेजारच्याच खोलीत होते, मला काही कळलं नाही. सांगता सांगता ती गाडीला टेकून रडायला लागली. आई पलीकडून "हां, हां बेटी" एवढंच म्हणत राहिली.

फोन ठेवल्यावर तिनं डोळे पुसले. "हे सगळं तू येऊन खालाला सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, मी मैत्रिणीची बाजू घेतेय."

"आणि तिला नाही पटलं तर?"

"तर अवघड आहे. आता घरात आईच्या जागी तीच आहे. तिला दुखवून मी तुला घरी आणू शकणार नाही, आणि घरी आणता येत नाही अशी मैत्रीण मला नको."

शुक्रवारी दुपारी जायचं ठरलं. मधल्या दिवसांत मी भेटेल त्याला हाच प्रश्न विचारत सुटले. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. आमच्या वंदनेला येणाऱ्या बायका, ऑफिसातला सोलापूरचा अकाउंटंट, मुलीच्या वर्गातल्या पुण्याच्या ब्राह्मण मुलीची आई, सगळ्यांचं उत्तर एकच, नाही घेत, नाही म्हणत. एरवी ताटात, देवात, लग्नात आम्ही एकमेकांपासून किती दूर, आणि मयताच्या घरचा चहा नाकारायला मात्र सगळे एका पंक्तीत! मला याची मोठी गंमत वाटली आणि थोडं कडूही वाटलं. एका रत्नागिरीकरानं मात्र त्यांच्याकडे बिनदुधाचा चहा देतात असं सांगून माझ्या सिद्धांताला भोक पाडलं. कारण विचारलं की सगळे गडबडायचे. प्रत्येकाचं कारण वेगळं, आणि प्रत्येकाला ते मी विचारल्यावरच सुचलेलं.

शुक्रवारी खाला त्याच खोलीत बसली होती. बाकी कुणी नव्हतं. गहव्याचं भांडं तिच्यासमोर तयार होतं, पण तिनं ओतला नाही. ती मैत्रिणीशी अरबीत बोलली आणि माझ्याकडं बघत राहिली. मैत्रीण म्हणाली, "ती म्हणते, आधी बोल, मग पी. माझ्या बहिणीकडून तुझं काही दुखलं होतं का?"

"काही नाही," मी म्हटलं. "मी त्यांना कधी बघितलंही नाही. त्यांच्या हातचं इतक्यांदा खाल्लं आणि एकदा येऊन आभारसुद्धा मानले नाहीत. दुखायचं असेल तर त्यांचं दुखावं." मग मी चुलीचं सांगितलं. शोकाच्या घरात विस्तव पेटत नाही, म्हणून पाहुण्यानं त्यांच्याकडून घोटभर पाणीही घेऊन त्यांना उठवू नये, हे सांगितलं. मैत्रीण भाषांतर करत होती. मला थोडंफार अरबी कळतं, त्यामुळं ती माझ्या वाक्यांत तिची दोन वाक्यं घालतेय हेही कळत होतं. तिनं थोबाडीचंसुद्धा सांगितलं.

खालानं बारीकसारीक विचारायला सुरुवात केली. चूल किती दिवस पेटत नाही? मग जेवतात काय? शेजारी आणतात? आणि शेजाऱ्यांशी भांडण असेल तर? मी म्हटलं, तरी आणतात, भांडण नंतर पुढं चालू होतं. ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, आमच्याकडे उलटं. दुःखाच्या घरी गहवा ओतत राहायचं, म्हणजे घरच्यांच्या हातांना काम राहतं. हात थांबले की माणूस कोसळतं. हे मी कुठल्या स्लाइडवर वाचलं नव्हतं. खरं तर मला वही काढून लिहून घ्यायचं होतं, पण लाज वाटली.

तिनं पेला भरला आणि माझ्यापुढं धरला. मी दोन्ही हातांनी घेतला. खरं म्हणजे उजव्या हातानं घ्यायचा असतो, हेही आमच्या स्लाइडवर होतं. कुणी काही म्हटलं नाही. गहवा कडू होता, वेलचीचा वास होता, आणि मी तो थेंब न ठेवता प्यायले. खालानं डोळे मिटले आणि तिच्या बहिणीचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटली. मैत्रिणीनं त्याचं भाषांतर केलं नाही, मीही विचारलं नाही. मला विचारावंसं वाटलं नाही, असं सहसा होत नाही.

निघायची वेळ झाली. मी उठले. खालानं माझा हात धरला आणि मैत्रिणीकडं बघून म्हणाली, की रीत ऐकली तुमची, पण आज तरी आमच्या रीतीनं सांगून जा म्हणावं हिला. पुन्हा येते, एवढं म्हण.

एवढंच म्हणायचं होतं. वर्षभर हेच तर शिकत होते, दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याच्या रीतीनं वागायचं. पण समोर मैत्रिणीच्या आईची गादी अजून तशीच ठेवलेली होती. खाला थकलेली होती, आणि मला ती आवडली होती. 'पुन्हा येते' म्हटलं आणि खरंच तशाच कामाला यावं लागलं तर? मी शिकलेली आहे, असलं काही मानत नाही. तरी माझी जीभ उचलेना. डोळ्यांत पाणी आलं आणि मी खालाकडं नुसती बघत राहिले.

तेव्हा मैत्रीण बोलली. सावकाश बोलली, त्यामुळं मला शब्द न् शब्द कळला. "खाला, ती राग धरून गप्प नाहीये. तू जिवंत राहावीस म्हणून गप्प आहे."

खालानं माझा हात सोडला, त्यावर दोनदा थोपटलं आणि म्हणाली, तर मग सांगू नकोस, जा. आणि मला निघता यावं म्हणून तिनं आपणच भिंतीकडं तोंड फिरवलं.